पहिल्या वारीला निघताय? आधी पोटऱ्यांची तयारी करा

पहिल्यांदा पायी वारीला निघणाऱ्याने या लेखातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एक कृती आज रात्रीच घरच्या गादीवर करून पाहावी. पाय लांब करून बसा. गुडघा सरळ ठेवा. आता पायाचा चवडा आणि बोटं आपल्याकडे, नडगीच्या दिशेने ओढा आणि टाच पुढे रेटा. पोटरीत मागच्या बाजूला जो ताण बसतो तो नीट ओळखून ठेवा. राहुटीत मध्यरात्री गोळा येईल तेव्हा नेमका हाच ताण द्यायचा आहे. त्या वेळी आठवत बसायला डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून पायालाच सवय हवी.

मी हे शिकले सासवडच्या मुक्कामी. माझी पहिली वारी होती, दिवसभरात पुण्याहून दिवे घाट चढून आले होते आणि पडल्या पडल्या झोप लागली होती. रात्री दीडच्या सुमाराला डाव्या पोटरीत अशी कळ आली की मी ओरडून उठले. पोटरीला हात लावला तर आत लिंबाएवढी घट्ट गाठ. मी गुडघा पोटाशी घेतला आणि दोन्ही हातांनी पोटरी आवळून धरली. कुणीही हेच करेल, आणि हेच चुकतं. शेजारी झोपलेल्या मराठवाड्यातल्या मावशी उठल्या आणि अंधारातच म्हणाल्या, "आगं चोळू नको आधी. पाय सरळ कर. सरळ! बोटं वर घे." त्यांनी एका हाताने माझा गुडघा खाली दाबला, दुसऱ्या हाताने टाच धरली आणि आपल्या मनगटाने माझा चवडा हळूहळू वर रेटला. अर्ध्या मिनिटात गाठ विरघळल्यासारखी सैल पडली. मावशींची ती कितवी वारी होती हे विचारायचं राहूनच गेलं.

गुडघा दुमडून का चालत नाही, हे समजलं की कृती विसरत नाही. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि टाचेला येऊन जोडला जातो. गुडघा दुमडला की तो आणखी आखूड होतो आणि गोळ्याला मोकळं रान मिळतं. गुडघा सरळ आणि चवडा वर, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच तो पूर्ण लांब होतो.

गोळा येतो म्हणजे काय होतं

कुणी गोळा म्हणतं, कुणी वांब, कुणी पेटका. स्नायू आपल्या इच्छेशिवाय एकदम आखडतो आणि काही सेकंदांपासून फार तर दहा मिनिटांपर्यंत सुटत नाही. बहुतेकदा तो पोटरीत येतो, कधी तळव्यात, कधी मांडीच्या मागे. सुटल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत ठसठस राहू शकते.

"अंगातलं मीठ कमी झालं" हे उत्तर दिंडीत सगळ्यांच्या तोंडी असतं. ते अगदीच खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. घामातून मीठ जातं ते सगळ्या अंगातलं, मग गोळा नेमका पोटरीतच का यावा? कारण दिवसभर सर्वात जास्त राबलेला स्नायू तो असतो. आज जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण थकव्याचं आहे. स्नायूकडून मज्जारज्जूकडे दोन प्रकारचे निरोप जात असतात. एक स्नायूच्या आतून, "आखड" म्हणणारा. दुसरा स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेतून, "पुरे, सैल सोड" म्हणणारा. स्नायू थकला की पहिल्याचा जोर वाढतो आणि दुसऱ्याचा कमी होतो. पाऊल वर ओढलं की कंडरेवर ताण पडतो आणि तो दुसरा निरोप पुन्हा जायला लागतो. मावशींना हे शास्त्र ठाऊक नसेल, पण त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं.

रात्रीच का? झोपेत पाऊल आपोआप खाली झुकतं, वर पांघरुणाचं वजन. पोटरी तासन्‌तास आखूड अवस्थेत राहते. आधीच थकलेली, त्यात आखूड. मग कूस बदलताना जरा पाय ताणला की झालंच.

गोळा आल्यावर, क्रमाने

१. पाय सरळ करा, चवडा आपल्याकडे ओढा. हात पोचत नसेल तर ओढणी, पंचा किंवा गमछा तळव्यात अडकवून दोन्ही टोकं ओढा. झटका देऊ नका, सावकाश ओढा आणि तीसेक सेकंद धरून ठेवा. नुसता अंगठा पिरगाळू नका, पूर्ण चवडा हवा.

२. सुटत नसेल तर उभ्या राहा. त्या पायावर वजन टाका, टाच जमिनीला टेकलेली हवी. आधाराला कुणीतरी धरा, कारण अर्धवट झोपेत तोल जातो आणि राहुटीच्या दोरीत पाय अडकून पडणं गोळ्यापेक्षा महागात पडतं.

३. चोळायचं ते आता, गाठ सैल पडायला लागल्यावर. घोट्याकडून गुडघ्याकडे, तळहाताने, हलक्या दाबाने. मलम लावा हवं तर; बरं वाटतं, पण ते गोळा सोडवत नाही.

४. लगेच आडव्या होऊ नका. दोन-तीन मिनिटं टाचा टेकत चाला, घोटभर पाणी प्या. नाही तर तोच स्नायू पाच मिनिटांत परत आखडतो.

मांडीच्या मागे गोळा आला तर पाय सरळ करून कमरेतून पुढे वाका. मांडीच्या पुढच्या भागात आला तर उलट: आधाराला धरून उभं राहा आणि टाच मागे नितंबाकडे घ्या. चालताना दिंडीतच आला तर रांगेत थांबू नका, मागून लोंढा येत असतो. हात वर करून कडेला व्हा, "माउली, थांबते" म्हणा, वाट मिळते.

आठ आठवडे आधीपासून

माझं ठाम मत आहे की वारीतल्या निम्म्याहून जास्त गोळ्यांचं मूळ वैशाख-ज्येष्ठात घरी बसून काढलेल्या दिवसांत असतं. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण २५० किलोमीटर. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरात पोचते. तुकोबांची आदल्या दिवशी, सप्तमीला देहूहून. वर्षभर कामावर बसून असलेल्या माणसाने एकदम रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायला घेतलं तर पोटऱ्या आंबणारच.

पहिले दोन आठवडे रोज चार-पाच किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. नंतर दर आठवड्याला थोडं वाढवा. पाचव्या आठवड्यापासून रविवारी एक लांब चाल: बारा, मग पंधरा, मग वीस किलोमीटर. सातव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चालून बघा, पहिल्या दिवशी वीस आणि दुसऱ्या दिवशी बारा-तेरा. वारीचा खरा कस दुसऱ्या दिवशी लागतो, थकलेल्या पायांवर. शेवटच्या आठवड्यात मात्र हात आखडता घ्या, पाय ताजे ठेवून निघा.

सोबत चढण हवी. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत, नाही तर आपल्या इमारतीचा जिना. आणि त्याच जिन्यावर एक व्यायाम: चवडा पायरीच्या कडेवर, टाच हवेत, हाताने कठडा धरलेला. टाचा उचला, मग तीन आकडे मोजत अगदी सावकाश पायरीच्या खाली जाऊ द्या. दहा वेळा, दोन फेऱ्या. हळूहळू पंधरा वेळा, तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दुखतील. ते दुखणं उपयोगाचं आहे, फक्त दोन दिवसांत ओसरायला हवं.

रात्री झोपण्याआधी भिंतीचा ताण. भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे घ्या, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पुढे झुका, तीस सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. मग तसंच मागचा गुडघा थोडा वाकवून करा, म्हणजे पोटरीच्या खालच्या स्नायूलाही ताण बसतो. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या पुढच्या ८० माणसांवर याची पाहणी झाली होती. ज्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण दिला, त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले. पैसा लागत नाही, औषध लागत नाही. वारीला जायचं नसलं तरी घरातल्या आजी-आजोबांना हे शिकवा.

पायताणाबद्दल एवढंच: नवे बूट घालून आळंदीला येऊ नका. जे घालून सराव केला तेच घाला. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर सरावही अनवाणीच, मऊ मातीवर थोड्या अंतरापासून सुरू करा. टाचेची उंची एकदम गेली की पोटरीवरचा ताण वाढतो.

दिवे घाटाचा दिवस

सगळ्या वाटेत नवख्यांचे पाय सर्वात जास्त धरतात ते पुणे-सासवड टप्प्यात. तीसच्या वर किलोमीटरची चाल, हडपसरपर्यंत डांबर आणि गर्दी, वडकी नाल्याचा विसावा आणि मग समोर घाट. त्यात पुष्कळदा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी योगिनी एकादशी येते, म्हणजे उपवास. सर्वात लांब चाल आणि पोटात साबुदाण्याचे चार घास, ही जोडी पोटऱ्यांना फार महागात पडते.

उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. पण उपवासाला सैंधव चालतं, लिंबू चालतं, साखर चालते. लिंबू-सैंधवाचं सरबत बाटलीत भरून घ्या आणि घाट सुरू होण्याआधी, तहान लागायच्या आधी, घोट घोट प्या. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळं कमरेच्या पिशवीत हवं. ट्रकमध्ये ठेवलेल्या सामानातला खाऊ घाटात उपयोगी पडत नाही.

चढताना पावलं आखूड टाका आणि पूर्ण पाऊल टेकवा. नवखी माणसं घाईने चवड्यावर चढतात, मग टाच टेकतच नाही आणि पोटरीला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही. गर्दीत दिंडी थांबते तेव्हा ताटकळत उभं राहू नका, टाच टेकवून एक-एक पाय मागे ताणत राहा. आणि विसाव्याला पावल्या, फुगड्या सुरू झाल्या की मन आवरत नाही हे मला माहीत आहे, मलाही नाही आवरत. पण पावल्यांमधली प्रत्येक उडी पोटरीच्या जोरावर असते. पहिले तीन-चार दिवस टाळ वाजवा, उड्या लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणासाठी राखून ठेवा.

पाणी, मीठ आणि जलसंजीवनी

खूप घाम गाळल्यावर नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणं हीसुद्धा चूक आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो. तहानेप्रमाणे प्या आणि दिवसातून एक-दोनदा पाण्यासोबत मीठ जाऊ द्या: ताक, सरबत, पिठलं-भाकरीबरोबरचा ठेचा. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरतंय असं समजा.

जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, चार-पाच पाकिटं जवळ ठेवा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या. नुसतं गोड, रंगीत पेय नको. मोठं, २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत सगळं पाकीट ओतणारे मी दरवर्षी बघते, ते चुकीचं आहे. वर साखर घालू नका आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र मिठाचं पाणी आणि शहाळं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंड कमकुवत असलेल्याला ते झेपत नाही. मधुमेह असेल तर सरबतातल्या साखरेचा हिशेब आणि उपवासातल्या गोळ्या-इन्शुलिनचा प्रश्न आधीच सोडवून घ्या.

वाटेत मिळणारे सल्ले

दिंडीत प्रेमाने सल्ले मिळतात आणि प्रेमाने गोळ्याही मिळतात. केळं खा, ते चांगलंच अन्न आहे, पण आलेला गोळा केळ्याने सुटत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांवर बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. वयस्कर माणसांना रात्री येणाऱ्या वांबांवर त्यांचा म्हणावा तसा उपयोग दिसलेला नाही. लोणच्याच्या पाण्याचं ऐकलं असेल. २०१० च्या एका प्रयोगात ते प्यायल्यावर गोळा लवकर सुटला होता, तोही मीठ रक्तात पोचायच्या आत, म्हणजे तोंडा-घशातल्या आंबट झणक्यामुळे असावा असा अंदाज आहे. पण ते व्हिनेगरमधल्या काकडीचं पाणी होतं, आपल्या आंब्याच्या लोणच्याचं तेल नव्हे.

एका गोष्टीला मात्र स्पष्ट नाही म्हणा: क्विनीन, म्हणजे हिवतापावरची गोळी. पूर्वी पायातल्या गोळ्यांवर ती सर्रास देत. तिने रक्तातल्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध इशारे दिलेले आहेत.

आणि रोज रात्री दुखण्याची गोळी घेऊन झोपणं थांबवा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडाला इजा करू शकतात. वाटेत आरोग्य पथकं असतात, तिथे दाखवून घ्या.

निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे

रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, दम्याचे काही पंप, यांच्यामुळे गोळे येऊ शकतात. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, विचारा. थायरॉइड मंद असणं, मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होणं, मूत्रपिंडाचा आजार, व्हेरिकोज शिरा, यातही गोळे वारंवार येतात. आठवड्यातून दोन-तीनदा झोपमोड होत असेल तर ते वारीआधी तपासून घ्यायलाच हवं. गरोदरपणातही, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, गोळे फार येतात. त्यांच्यावर उपाय तोच, पाऊल वर ओढण्याचा. पण औषध काहीही डॉक्टरांशिवाय नाही.

मुक्कामाची रात्र

जेवण झालं की आडवं व्हायच्या आधी तंबूच्या बाहेर कुणाच्या तरी ट्रकला हात टेकून भिंतीचा ताण द्या. मी दिला की शेजारच्या दोघी-तिघी आपोआप येतात. झोपताना उताणं झोपा आणि तळव्यांना टेकेल अशी पिशवी पायाशी ठेवा, म्हणजे पाऊल खाली झुकणार नाही. पालथं झोपायची सवय असेल तर घोट्यांखाली साडीची गुंडाळी घ्या. पायावरचं पांघरूण खोचू नका, सैल ठेवा. ओले मोजे काढून पाय कोरडे करा. बॅटरी आणि पंचा उशाशी, हाताला लागेल असा.

हा गोळा नाही, हे ओळखा

चालताना ठराविक अंतरावर पोटरी दुखते, थांबलं की दोन-चार मिनिटांत जाते, पुन्हा तेवढंच चाललं की दुखते: हा रक्तवाहिनी अरुंद झाल्याचा इशारा असू शकतो, विशेषतः तंबाखू-विडी किंवा मधुमेह असेल तर. उन्हात पाय, पोट, हात सगळीकडेच गोळे येत असतील, चक्कर, उलटी असेल, तर सावलीत घ्या, अंग ओलं करा आणि पथकाला बोलवा. माणूस बरळू लागला किंवा अंग तापून शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात आहे, १०८ ला फोन करा. अति चालीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू तुटताहेत, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गोळ्याबरोबर पायात जोर नसणं किंवा बधिरपणा असेल तर मणक्याची तपासणी लागेल.

शेवटची खूण परतीच्या प्रवासासाठी. एकादशी झाली, दर्शन झालं, की पंधरा दिवस चाललेले पाय एसटीच्या बाकावर सात-आठ तास दुमडून बसतात. तासातासाला घोटे वर-खाली हलवा, गाडी थांबली की उतरून चाला. घरी पोचल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, सतत दुखत राहिली, तर "वारीचा शीण आहे" म्हणून चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून पुढे सरकण्याची भीती असते. त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिटही थांबू नका.